'किंवा' खोडा, 'आणि' लिहा

दसऱ्याला सोनं द्यायला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. चहा होईपर्यंत त्यानं मोबाइल काढला, पीएफचं पासबुक उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो चार वर्षांपासून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीनवर काम करतो. मशीन एकच, शेड एकच, सुपरवायझरही तोच. पासबुकात मात्र तीन वेगवेगळ्या मालकांची नावं. तिन्ही ठेकेदार. ज्या कारखान्याचा माल तो रोज हातानं तपासून पुढे पाठवतो, त्याचं नाव कुठेच नाही. वडिलांच्या घरावर दोन खोल्या चढवायच्या म्हणून तो एका बँकेत कर्ज मागायला गेला, तर तिथल्या साहेबांनी एकाच ठिकाणची तीन वर्षांची नोकरी दाखवायला सांगितली. "सर, मी तोच आहो, मशीन तेच आहे, मालकाचं नाव तेवढं बदलून राह्यलं. आता बँकेले काय दाखवू?"

मी एकतीस वर्षं आयटीआयत फिटर ट्रेड शिकवला. पोरगा वर्कशॉपमध्ये आला की पहिले कित्येक दिवस त्याच्या हाती फक्त कानस असते. लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये आवळायची आणि घासायची. मग तिला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावायचा आणि दोन्ही उजेडाकडे धरून पाहायचं. गुण्या आणि पट्टीच्या मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायला लागायचं. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात, अर्धी पोरं पहिल्या महिन्यात रडकुंडीला येतात. हा पोरगा त्याच्या बॅचमधला सगळ्यात चिकाटीचा होता. उजेडाची रेघ पार बुजेपर्यंत तो पट्टी खाली ठेवत नसे. ते पासबुक पाहताना मला राहून राहून वाटत होतं, याच्या हातात काही कमी नाही. आपण विकासाला जो गुण्या लावतो, तोच चुकलेला आहे.

त्याच आठवड्यात पेपरच्या पहिल्या पानावर विदर्भात येऊ घातलेल्या गुंतवणुकीचा आकडा होता. अमुक हजार कोटींचे करार, सह्या, हस्तांदोलनाचे फोटो. नागपूरकर अशा बातम्या वर्षानुवर्षं वाचत आलेत. कारखाने यावेत, मोठे यावेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण कोटींचा आकडा हा खर्चाचा आकडा आहे. किती पैसा लागणार एवढंच तो सांगतो. किती घरांत दर महिन्याला पगार जाणार, तो कुणाच्या नावानं जाणार, किती वर्षं जाणार, यातलं तो काहीही सांगत नाही. आणि त्या कारखान्याला जमीन, पाणी, रस्ता आणि करातली सवलत जनतेच्या खिशातून जाणार असेल, तर हे विचारण्याचा जनतेला पुरेपूर हक्क आहे.

महाराष्ट्रात मागास भागात उद्योग जावेत म्हणून १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी केलेली आहे. तालुका जितका मागे, तितकी सवलत जास्त. राज्याच्या जीएसटीचा परतावा, वीजशुल्कात माफी, मुद्रांकशुल्कात माफी. योजना चांगली आहे, हेतू स्वच्छ आहे. पण मोठ्या कारखान्याला 'विशाल प्रकल्प' म्हणून खास सवलती हव्या असतील तर त्यासाठी जी पात्रता लिहिली गेली, ती अशी: इतक्या कोटींची गुंतवणूक किंवा इतक्या जणांना थेट रोजगार.

माझं सगळं भांडण त्या 'किंवा'शी आहे.

दोनांतलं एक पुरे, असं म्हटलं की भांडवल असलेला माणूस सोपं तेच निवडतो. यंत्र विकत घेणं सोपं आहे. त्याला रजा लागत नाही, दिवाळीचा बोनस लागत नाही. कोट्यवधींची यंत्रं बसवली की पात्रता पूर्ण होते, माणसं मोजायची गरजच उरत नाही. त्या 'किंवा'च्या जागी 'आणि' आला, आणि रोजगार म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या हजेरीपटावर असलेली, पीएफ भरली जाणारी माणसं अशी व्याख्या झाली, तर सरकारच्या तिजोरीतून एक रुपयाही जास्त न जाता या जिल्ह्यातलं चित्र पालटू लागेल असं माझं ठाम मत आहे.

हा प्रश्न एकट्या नागपूरचा नाही. सगळ्या देशाचीच गाडी इथं अडली आहे. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीत देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी शेतीत होते, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ निम्मी माणसं जेमतेम पाचव्या हिश्श्यावर जगतात. ती शेतीतून बाहेर पडून कुठे जाणार, हा खरा प्रश्न. त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणी अहवालानं २०३० पर्यंत दरवर्षी सरासरी ७८.५ लाख बिगरशेती रोजगार उभे करावे लागतील असं लिहिलं. ज्या देशांनी गरिबी मागे टाकली, त्यांपैकी बहुतेकांनी आपली माणसं शेतातून आधी कारखान्यात नेली, मग तिथून ऑफिसात. आपण मधली पायरीच गाळली. हुशार, इंग्रजी येणारी पोरं थेट कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली आणि बाकीची बांधकामावर, डिलिव्हरीच्या गाडीवर, नाहीतर वॉचमनच्या खुर्चीवर. जे थोडे कारखान्यात शिरले, त्यांच्यातलाही ठेक्याचा हिस्सा वाढत गेला. २००० सालाच्या सुमारास संघटित कारखान्यांतल्या पाच कामगारांत एक ठेक्याचा होता, आता पाचांत दोन आहेत.

या शहराला हे शोभत नाही, असं मी म्हणतो त्याला कारण आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तेव्हा गिरण्या काढायच्या त्या मुंबईत, असाच शिरस्ता होता. त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस इथं पिकत होता, कोळसा जवळ होता आणि १८६७ मध्ये रेल्वे येऊन पोचली होती. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढावी लागली. त्या वेळी एका सावकारानं, हा माणूस खड्ड्यात सोनं ओततोय म्हणून पैसे द्यायला नकार दिला आणि पुढे त्याच सावकारानं, यांनी माती टाकून सोनं काढलं अशी कबुली दिली, असं सांगतात. मला त्या गोष्टीपेक्षा दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. त्याच मिलमध्ये १९०१ मध्ये कामगारांसाठी प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. देशाचा पीएफचा कायदा आला १९५२ साली. म्हणजे कायदा यायच्या पन्नास वर्षं आधी ज्या शहरातल्या गिरणी कामगाराच्या नावावर मालक पीएफ जमा करत होता, त्याच शहरात आज सीएनसी चालवणाऱ्या पोराच्या पासबुकात त्याच्या खऱ्या मालकाचं नाव सापडत नाही.

मिलच्या पगारावर पाचपावली, इमामवाडा, जाटतरोडीतली कितीतरी घरं उभी राहिली. ज्यांना गावात विहिरीवर चढू दिलं जात नव्हतं, त्यांच्या घरात महिन्याच्या ठरल्या तारखेला रोख पगार येऊ लागला आणि मुलं शाळेत गेली. बाबासाहेबांच्या चळवळीला या शहरात जो कणा मिळाला, त्यात अशा नियमित पगाराचा मोठा वाटा आहे असं मी मानतो. पगारपत्रक ही नुसती पैशाची गोष्ट नसते. ते हातात असलं की माणूस मान वर करून बोलतो. २००२ मध्ये एम्प्रेस बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे.

मिल बंद का पडल्या यावर पुष्कळ लिहून झालं आहे, मी त्यात पडत नाही. मला पुढचं विचारायचं आहे. जमशेटजींनी पाहिलेल्या तीन गोष्टींपैकी आज काय कमी झालं? कापूस आजही आहे. कोळसा इतका आहे की वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालयच नागपुरात आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा इथं वीज तयार होते आणि तिची राख आमच्याच शेतांवर उडते. रेल्वेचे चारही दिशांचे रस्ते इथं मिळतात आणि आता मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. मग माल तयार करणारे हात रिकामे का?

कापसाचं पाहा. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईची १७० किलोची गाठ बांधली, ट्रकमध्ये चढवली की विदर्भाचं काम संपतं. जिनिंगला मोजकी माणसं लागतात, तीही हंगामापुरती. पुढे सूतगिरणी. तिथंही आता लांबच लांब शेडमध्ये यंत्रं आणि मधून मधून एखादा माणूस. हात लागतात ते शेवटी, कापड बेतायला आणि शिवायला. शिलाईच्या मशीनपुढे आजही माणूसच बसतो, कारण लुसलुशीत कापड पकडून वळवणं यंत्राला नीट जमलेलं नाही. बांगलादेशाकडे बोटावर मोजण्याइतका कापूस पिकतो. तरी त्यांच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे आणि त्या धंद्यात सुमारे ४० लाख माणसं आहेत, त्यांत बायकाच जास्त. आमच्याकडून सूत जातं, ते शर्ट शिवून जगाला विकतात. तिथले पगार कमी आहेत आणि इमारती कोसळून माणसं मेली आहेत, हे मी विसरलेलो नाही. तशा शेड मला इथं नकोत. पण पैसा कापसाच्या गाठीत थांबतो की शर्टाच्या बटणापर्यंत जातो, यावर किती घरांत चूल पेटणार हे ठरतं, एवढं तरी त्यांच्याकडून शिकायला हवं.

अमरावतीजवळ नांदगाव पेठेला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. हे चांगलं झालं. आता तिथं जागा देताना सूत कातायच्या चाती किती असं विचारण्याआधी शिलाईच्या लाइनी किती, असं विचारायला हवं. आणि तसल्याच शेड हिंगण्याला, उमरेडला, काटोलला का नकोत? आयटीआयतून ड्रेस मेकिंग आणि शिलाईचे कोर्स करून मुली दरवर्षी बाहेर पडतात. बहुतेक जणी घरी पिको-फॉल करतात. त्यांना पुण्याला जाऊन राहणं परवडत नाही आणि घरचे धाडतही नाहीत. सकाळी बस आली आणि संध्याकाळी सहाला सुखरूप घरी सोडलं, तर याच मुली मशीनवर बसतील. श्रमबल पाहणीत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ च्या २३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये जवळपास ४२ टक्क्यांवर गेलं, म्हणून आपण आनंद मानतो. पण त्यातली मोठी वाढ घरच्या शेतात नाहीतर घरच्या धंद्यात राबणाऱ्यांची आहे आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या हाती रुपयासुद्धा येत नाही.

संत्र्याची कथा तर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा सगळा पट्टा आंबिया आणि मृग अशा दोन बहारांवर जगतो. आंबिया बहाराच्या वेळी मी माझ्या साडूच्या बागेत दोन दिवस राहिलो होतो. व्यापाऱ्यानं बगीचा ठोक घेतला होता. तोडणीची टोळी पहाटे आली. मोठं, पिवळंधमक फळ कॅरेटमध्ये गेलं, कागदाच्या कात्रणावर नीट मांडलं गेलं. बारीक आणि डागी माल झाडाखाली ढिगानं पडून राहिला. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा त्या ढिगातून आंबूस वास येत होता आणि साडू काठीनं फळं उलटीपालटी करत नुसता उभा होता. "याचा रस नाही का काढत कोणी?" मी विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, भाव देत नाही कोणी. कॅरेटचे पैसे निघत नाही यात."

नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडवट होतो. त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. साल सैल, त्यामुळे फळ टिकतही नाही. हे दोष आहेत, पण ते ठाऊक असलेले दोष आहेत, आणि लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी देशाची केंद्रीय संशोधन संस्था आहे नागपुरातच, अमरावती रोडवर. ज्ञान आहे, फळ आहे, माणसं आहेत. मधला दुवा, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी मध्यम आकाराचे प्रतवारीचे, वॅक्सिंगचे, रसाचे, सालीतून तेल काढायचे कारखाने, तेवढे पुरेसे नाहीत. बांगलादेश हा आमच्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. त्यानं २०१९ नंतर आयातशुल्क चढवत चढवत २०२३ पर्यंत किलोमागं ८८ रुपयांवर नेलं आणि इकडे बागांमधला भाव कोसळला. एका गिऱ्हाइकाच्या मर्जीवर अख्खा पट्टा लटकतो, कारण फळ ताजंच विकावं लागतं. नागपूरच्या विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात संत्र्यावर प्रक्रिया करणारा मोठा प्रकल्प मार्च २०२५ मध्ये सुरू झाला, जमीन देऊन जवळजवळ नऊ वर्षांनी. तो चालावा, भरपूर चालावा. पण एका मोठ्या प्रकल्पानं वरुडच्या झाडाखालचा ढीग उचलला जाणार नाही. त्यासाठी दहा-वीस ठिकाणी, बागेपासून तासाभराच्या अंतरावर, पन्नास-पन्नास माणसांची शेड हवी. विशाल प्रकल्पाच्या यादीत अशी शेड कधीच बसणार नाही.

मिहानबद्दल बोलताना इथं लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो सगळं फसलं, दुसरा म्हणतो सोन्याचा धूर निघतो. दोन्ही खरं नाही. २००२ मध्ये त्यासाठी विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या. आज तिथं आयटी कंपन्या आहेत, विमानांच्या दुरुस्तीचं केंद्र आहे, विमानांचे सुटे भाग तयार होतात, एम्स आहे. माझ्या शेजाऱ्याची मुलगी इंजिनिअर होऊन तिथंच लागली आणि आईवडिलांजवळ राहिली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्यांच्या शेतावर हे उभं राहिलं, त्यांच्या बारावी पास मुलाला त्या काचेच्या इमारतीत कुठलं काम मिळतं? गेटवरचं, सफाईचं, नाहीतर गाडी चालवायचं. मिहानला येईल अशी आशा होती तो सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांचा कारखाना २०२२ मध्ये वडोदऱ्याला गेला, तेव्हा नागपुरात केवढी हळहळ झाली. मलाही वाईट वाटलं. पण आयटीआय झालेला फिटर दर महिन्याला इथून पुण्याला, चाकणला, छत्रपती संभाजीनगरला जातो, त्याची हळहळ कुठल्याच पेपरात छापून येत नाही.

मी हे मांडलं की दोन-तीन उत्तरं हमखास येतात. पहिलं उत्तर, अटी घातल्या की उद्योग छत्तीसगडला किंवा मध्य प्रदेशात जातील. या भीतीत तथ्य आहे. शेजारच्या राज्यांत उद्योगाला वीज स्वस्त पडते हे खरं आहे, आणि वीज आपल्याच जिल्ह्यात तयार होत असताना आपला छोटा कारखानदार महागड्या बिलानं दबतो, ही चीड आणणारी गोष्ट आहे. पण मी दंड लावा म्हणत नाही. स्वतःच्या पैशानं कुणी रोबो बसवायचे तर बसवावेत, मी स्वतः कानसीपासून सीएनसीपर्यंतचा बदल वर्गात शिकवला आहे, यंत्राशी माझं वैर नाही. जनतेच्या पैशातून सवलत हवी असेल तर जनतेला काय मिळतं ते दाखवा, इतकंच. आणि हे मोजता येत नाही असं तर आता कुणीच म्हणू नये. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ पासून जी रोजगार प्रोत्साहन योजना सुरू केली, ती पीएफच्या नोंदीवरच चालते. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला १५ हजारांपर्यंत आणि मालकाला दर नव्या माणसामागं महिन्याला तीन हजारांपर्यंत. जे केंद्राला मोजता येतं ते राज्याला का येऊ नये?

दुसरं उत्तर मला फार लागतं. पोरांमध्ये कौशल्यच नाही, असं म्हणतात. वर्कशॉपमध्ये जुनी यंत्रं आहेत, शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतात, हे मी नाकारत नाही, त्यासाठी मी सेवेत असताना अर्ज करकरून थकलो. पण अप्रेंटिसचा खेळही एकदा बघा. १९६१ च्या कायद्याप्रमाणे मोठ्या कारखान्यांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्यांना पुढे कायम करायचं बंधन मात्र कायद्यात नाही. मग काही ठिकाणी काय होतं, तर यंदा वीस पोरं घेतली, वर्षभर लाइनवर उभी केली, वर्ष संपलं की प्रमाणपत्र हाती देऊन घरी पाठवली आणि पुढच्या वर्षी नवी वीस घेतली. ज्या पोराला कौशल्य नाही म्हणता, तो वर्षभर तुमचा माल काढत होता की! वर्षानुवर्षं वीस खुर्च्या अप्रेंटिसांनीच भरत असतील तर त्या खुर्च्यांची गरज कायमची आहे, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

सगळ्यात जास्त पोरांना काम देऊ शकेल असा माणूस तिसराच आहे, आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. हिंगण्यात माझा एक मित्र आहे. त्याची छोटी शेड, दोन लेथ, एक मिलिंग, चार कामगार. मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतो. माल वेळेवर द्यावा लागतो, पैसे मात्र तीन-चार महिन्यांनी येतात. कायद्यात २००६ पासून ४५ दिवसांची मुदत लिहिलेली आहे, आणि आता तर मुदतीत पैसे न देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. तरीही मित्र तक्रार करत नाही, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. विजेचं बिल काही चार महिने थांबत नाही. मागच्या वर्षी त्याच्याकडे काम इतकं होतं की आणखी दोन पोरं सहज खपली असती. "घ्यायची तर आहेत रे, पण पगाराच्या तारखेला हातात पैसे पाहिजे ना," तो म्हणाला. विशाल प्रकल्पाला सवलत देताना सरकारनं एवढी एक अट जरी घातली की तुमच्याकडे छोट्यांचं बिल ४५ दिवसांपेक्षा जास्त थकलं असेल तर परतावा थांबेल, तरी हिंगणा आणि बुटीबोरीच्या गल्ल्यांमधून पोरं कामाला लागायला सुरुवात होईल.

रोजगार म्हणजे नुसती डोकी मोजणंही नव्हे, हे बाजारगावनं आपल्याला शिकवलं आहे. स्फोटकांचा धंदा नागपूरच्या आसपास मोठा आहे, त्यात हातानं करायचं काम पुष्कळ आणि बायकाही पुष्कळ. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावच्या कारखान्यात स्फोट झाला आणि नऊ जणांचा जीव गेला. त्यांत सहा बायका होत्या, आसपासच्या गावांतून कामाला येणाऱ्या. 'आणि' लिहायचा म्हटल्यावर तो सुरक्षेच्या आधीही लिहायला लागेल.

१९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला बरंच काही कबूल केलं होतं. सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या मानानं वाटा आणि दरवर्षी नागपुरात विधिमंडळाचं एक अधिवेशन, ही त्यातली कलमं. अनुशेषाचं, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट भरून काढण्याचं, काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे, १९८४ च्या दांडेकर समितीपासून २०१३ च्या केळकर समितीपर्यंत अहवालांची थप्पी लागली. अधिवेशन मात्र होतं. डिसेंबर उजाडला की सिव्हिल लाइन्समधले रस्ते धुतले जातात, रविभवनात खोल्या भरतात, मोर्चे निघतात.

येत्या डिसेंबरात कुठल्याही पक्षाच्या एका आमदारानं सभागृहात एवढंच मागावं: नागपूर विभागात गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या प्रकल्पांना प्रोत्साहन योजनेतून परतावा मिळाला, त्यांची यादी पटलावर ठेवा. रकाने चारच. दिलेला परतावा किती, कंपनीच्या स्वतःच्या नावानं पीएफ भरली जाणारी माणसं किती, ठेकेदाराच्या नावानं भरली जाणारी किती, आणि त्यांतली जिल्ह्यातली किती. ही माहिती सरकारी दप्तरांत पडलेली आहे, फक्त एका कागदावर आणायची आहे. तो कागद आला की मी चष्मा पुसून बसणार आहे. सीएनसीवरचा माझा विद्यार्थी त्यातल्या कुठल्या रकान्यात बसतो, ते मला पाहायचं आहे.